नावापुरता उरलेला तोतया

संगणक सुरू होतो. पंखा फिरतो, विंडोज एक्सपीचा निळा स्वागताचा पडदा येतो, त्यावर तुमचं नावही दिसतं. नावावर क्लिक केलं की ‘लोडिंग युवर पर्सनल सेटिंग्ज’ अशी ओळ झळकते. आता डेस्कटॉप येणार, एवढ्यात ‘सेव्हिंग युवर सेटिंग्ज’, मग ‘लॉगिंग ऑफ’, आणि पुन्हा समोर तोच स्वागताचा पडदा. परत क्लिक करा, परत तेच. सेफ मोडमध्ये जाऊन पाहा, तिथेही तेच. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावाने आत जायचा प्रयत्न करा, तरी तेच.

२००४-०५ च्या सुमारास जगभर असंख्य लोक या चक्रात अडकले होते आणि त्यांच्यापैकी अनेकांनी आदल्या संध्याकाळी एकच गोष्ट केली होती: संगणकातलं स्पायवेअर काढून टाकलं होतं. लावासॉफ्ट कंपनीचं अ‍ॅड-अवेअर हे तेव्हाचं नावाजलेलं मोफत साफसफाईचं साधन. त्याने ‘ब्लेझफाइंड’ नावाचा उपद्रव शोधला, पुसला, काम फत्ते झाल्याचं सांगितलं. लोकांनी समाधानाने संगणक बंद केला. सकाळी तो कुणालाच आत घेईना.

यात खराब काय झालं होतं? हार्ड डिस्क ठणठणीत होती. विंडोजची एकही फाइल हरवलेली नव्हती. फोटो, पत्रं, हिशेब सगळं जागच्या जागी होतं. होता नव्हता तो किडाही निघून गेला होता. मग एक निरोगी, स्वच्छ संगणक मालकालाच उंबऱ्यावरून परत का पाठवत होता?

उत्तर इतकं सुंदर आहे की त्यासाठी बटण दाबण्याच्या क्षणापासून सुरुवात करायला हवी.

तुम्ही बटण दाबता तेव्हा प्रोसेसरला काहीही माहीत नसतं. हार्ड डिस्क म्हणजे काय, कीबोर्ड कुठे आहे, विंडोज कशाला म्हणतात, काही नाही. त्याला जन्मजात एकच सवय असते: वीज मिळाली की एका ठरलेल्या पत्त्यावर जायचं आणि तिथे जी आज्ञा लिहिली असेल ती पाळायची. इंटेलच्या ३२ बिटी प्रोसेसरांच्या पिढीत हा पत्ता चार जीबीच्या टोकापासून बरोबर १६ बाइट अलीकडे आहे. गंमत पाहा, त्या काळच्या घरगुती संगणकात मेमरी असायची २५६ एमबी, फार तर ५१२. म्हणजे प्रोसेसर पहिलं पाऊल टाकतो तेच जिथे मेमरीच नाही अशा पत्त्यावर! मदरबोर्डवरची जोडणी तो पत्ता हळूच बायोसच्या, म्हणजे संगणक उठवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, चिपकडे वळवते, आणि १६ बाइटांच्या त्या चिंचोळ्या जागेत मावतं ते एवढंच: ‘तिकडे उडी मार.’

बायोस उठतो, मेमरी आणि यंत्रं तपासतो, आणि हार्ड डिस्कवरचा अगदी पहिला कप्पा वाचतो. या कप्प्याचा आकार ५१२ बाइट. त्यातले ६४ बाइट डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत याच्या नोंदीला, शेवटचे दोन बाइट ‘५५ एए’ या ठरलेल्या खुणेला, आणि उरलेले ४४६ बाइट प्रत्यक्ष प्रोग्रॅमला. ४४६ बाइट म्हणजे किती? देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीने साठवायला तीन बाइट लागतात. म्हणजे तिथे मावतील जेमतेम १४८ चिन्हं, काने-मात्रे आणि वेलांट्या धरून. तुम्ही वाचताय त्या परिच्छेदाची दोन-अडीच वाक्यं. एवढ्याशा जागेतला प्रोग्रॅम डिस्कचा चालू भाग शोधतो, तिथला प्रोग्रॅम मेमरीत आणतो आणि सूत्रं त्याच्या हाती देऊन मोकळा होतो.

हा पुढचा प्रोग्रॅम ‘एनटीएलडीआर’ला शोधतो. एनटीएलडीआर विंडोजचं केंद्र, म्हणजे कर्नल, मेमरीत चढवतो आणि त्याच्यासोबत डिस्क चालवणारे अत्यावश्यक ड्रायव्हर. कर्नल ‘एसएमएसएस’ला उठवतो, एसएमएसएस ‘विनलॉगॉन’ला, विनलॉगॉन तुमचा पासवर्ड तपासतो आणि पुढच्याला हाक मारतो. यातल्या कुणालाच पूर्ण प्रवास ठाऊक नसतो. प्रत्येकाला माहीत असतं ते आपलं काम आणि आपल्या पुढच्याचं नाव.

स्लॅब टाकायच्या दिवशी मजुरांची रांग पाहिली असेल तुम्ही. खालून वरपर्यंत माणसं उभी, मालाचं घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात. मधल्या माणसाला मिक्सरही दिसत नाही आणि स्लॅबही दिसत नाही. घमेलं आलं की पुढच्याकडे द्यायचं, एवढंच. समजा या रांगेत एका मजुराला बाजूला सारून तिथे एक चोर उभा राहिला. तो प्रत्येक घमेल्यातून मूठभर माल आपल्या पिशवीत टाकतो, पण घमेलं पुढे मात्र इमानाने देतो. स्लॅब चालू राहतो, कुणाला पत्ता लागत नाही. एक दिवस मुकादमाच्या लक्षात येतं, तो चोराला मानगूट धरून बाहेर काढतो. आणि त्या जागेवर कुणालाच उभं करत नाही! पुढचं घमेलं येतं आणि खाली पडतं. वर गवंडी तयार, खाली माल तयार, सगळे मजूर धडधाकट, आणि काम ठप्प.

ब्लेझफाइंडने नेमकं हेच केलं होतं. पण रांगेतली जागा त्याने कुठली निवडली, तिथे खरी कमाल आहे.

पासवर्ड बरोबर आहे अशी खात्री झाल्यावर विनलॉगॉन तुमचा डेस्कटॉप स्वतः उभा करत नाही. ते काम ‘युजरइनिट.ईएक्सई’ नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅमचं. हा येतो, तुमच्या नावाच्या सुरुवातीच्या सूचना चालवतो, नेटवर्कच्या जोडण्या पूर्ववत करतो, ‘एक्सप्लोरर’ला, म्हणजे आयकॉन आणि स्टार्ट मेनू दाखवणाऱ्याला, सुरू करतो आणि स्वतः नाहीसा होतो. तुम्ही टास्क मॅनेजर उघडेपर्यंत तो गेलेला असतो. वर्षानुवर्षं रोज सकाळी तुमच्यासाठी दार उघडणारा हा प्रोग्रॅम बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो.

पण विनलॉगॉनला कसं कळतं की युजरइनिटलाच बोलवायचं? त्याच्या आत ते कोरलेलं आहे का? नाही, आणि हाच कळीचा मुद्दा. विंडोजची एक भलीमोठी नोंदवही असते, रजिस्ट्री. तिच्यात विनलॉगॉनच्या पानावर ‘युजरइनिट’ अशी एक नोंद आहे आणि तिच्यासमोर साध्या अक्षरांत फाइलचा पत्ता लिहिलेला आहे: सी ड्राइव्ह, विंडोज फोल्डर, त्यात सिस्टिम-३२, त्यात युजरइनिट.ईएक्सई. आणि त्यानंतर एक स्वल्पविराम.

तो स्वल्पविराम चुकून राहिलेला नाही. एकापेक्षा जास्त प्रोग्रॅम चालवायचे असतील तर ते तिथे ओळीने लिहिता यावेत, म्हणून ती सोय आहे. मोठ्या कार्यालयांच्या संगणक विभागाला अशी सोय लागते. पण विचार करा, जगातल्या प्रत्येक एक्सपी संगणकात, पासवर्डच्या दाराच्या अगदी आत, एक उघडी ओळ आहे. तिथे ज्याचं नाव लिहाल तो दर लॉगिनला, प्रत्येक माणसासाठी, सेफ मोडमध्येसुद्धा हमखास चालणार. स्पायवेअर लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

बरेच उपद्रवी प्रोग्रॅम स्वल्पविरामापुढे आपलं नाव चिकटवायचे. ब्लेझफाइंडने त्याहून धाडसाचं काम केलं. त्याने युजरइनिटचं नावच पुसलं आणि तिथे आपल्या ‘डब्ल्यूएसएअपडेटर.ईएक्सई’चं नाव लिहिलं. विनलॉगॉन आता त्याला हाक मारू लागला. तो असेपर्यंत लोकांचं लॉगिन सुरळीत चालत होतं, म्हणजे स्वतःचं काम उरकून तो खऱ्या युजरइनिटकडे सूत्रं देत होता. तोतयाने खुर्ची बळकावली होती, पण कारभार बंद पडू दिला नव्हता, कारण कारभार चालू राहण्यातच त्याचा फायदा होता.

मग अ‍ॅड-अवेअर आलं आणि त्याने तोतयाची फाइल पुसली. नोंदवहीतलं नाव मात्र तसंच राहिलं. सकाळी विनलॉगॉनने पासवर्ड तपासला, नोंद वाचली, डब्ल्यूएसएअपडेटरला हाक मारली, कुणीच आलं नाही. आता त्याच्यापुढे एक माणूस लॉगिन झालेला आहे आणि त्याच्यासाठी एकही प्रोग्रॅम चालू नाही. अशा वेळी विनलॉगॉन काय समजणार? काम संपलं, माणूस निघाला. ‘सेव्हिंग युवर सेटिंग्ज’!

यातल्या प्रत्येकाने आपलं काम चोख केलेलं आहे, हे मला आजही थक्क करतं. साफसफाई करणाऱ्याने चोर काढला. विनलॉगॉनने लिहिलेली आज्ञा पाळली. युजरइनिट त्याच फोल्डरमध्ये बसून हाकेची वाट पाहत होता. बिघाड कुठल्याच वस्तूत नव्हता. तो होता नोंदवहीतलं नाव आणि डिस्कवरची फाइल यांच्या मधल्या मोकळ्या जागेत.

आता दुरुस्ती. नोंद बदलायची म्हटली तर रजिस्ट्री उघडायला हवी, रजिस्ट्री उघडायला आत जायला हवं, आणि आत तर जाता येत नाही. एक्सपीच्या सीडीवरून संगणक सुरू करून ‘आर’ दाबलं की ‘रिकव्हरी कन्सोल’ मिळतो: काळा पडदा, पांढरी अक्षरं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारणार, मग एक लुकलुकणारा कर्सर. माउस नाही, आयकॉन नाहीत, आणि मोजक्याच आज्ञा. तिथे फाइल कॉपी करता येते, पुसता येते, ड्रायव्हर चालू-बंद करता येतो. रजिस्ट्रीतली ही ओळ मात्र बदलता येत नाही! म्हणजे नाव चुकीचं आहे हे कळतंय, खरा माणूस कुठे आहे तेही कळतंय, पण नाव दुरुस्त करायची सोय नाही. मग काय कराल?

ज्याने कुणी हा उपाय प्रथम शोधला त्याला साष्टांग नमस्कार. नाव बदलता येत नाही ना? मग माणूसच त्या नावाचा करायचा!

सिस्टिम-३२ फोल्डरमध्ये जायचं आणि एकच आज्ञा द्यायची: ‘कॉपी युजरइनिट.ईएक्सई डब्ल्यूएसएअपडेटर.ईएक्सई’. म्हणजे खऱ्या युजरइनिटची एक प्रत काढायची आणि तिला तोतयाचं नाव द्यायचं. पडद्यावर उत्तर येतं, एक फाइल कॉपी झाली. ‘एक्झिट’ लिहायचं, संगणक पुन्हा सुरू होतो. स्वागताचा पडदा, नावावर क्लिक. विनलॉगॉन नोंद वाचतो, डब्ल्यूएसएअपडेटरला हाक मारतो. या वेळी त्या नावाचं कुणीतरी हजर आहे. आत आहे खरा युजरइनिट. तो एक्सप्लोरर उठवतो आणि डेस्कटॉप झरझर उघडतो.

इथे क्षणभर थांबू या. तोतया आत शिरला तो कशाच्या जोरावर? विनलॉगॉन फक्त नाव पाहतो, नावामागे कोण आहे ते पाहत नाही, या भाबडेपणाच्या जोरावर. आणि आपण संगणक वाचवला तो? अगदी त्याच भाबडेपणाच्या जोरावर. ज्या फटीतून चोर आला त्याच फटीतून हात घालून कडी काढली.

आत गेल्यावर उरलेलं काम किरकोळ. ‘रेजएडिट’ उघडायचं, विनलॉगॉनच्या पानावर युजरइनिटची नोंद मूळ पत्त्यावर आणायची, शेवटचा स्वल्पविराम विसरायचा नाही, आणि मग ती सोंगाची प्रत पुसून टाकायची. हा क्रम उलटा केलात, म्हणजे आधी प्रत पुसलीत आणि नोंद तशीच राहिली, तर पुन्हा उंबऱ्यावर.

युजरइनिट ही रांगेतली एक जागा. अशा जागा पुष्कळ आहेत आणि स्पायवेअर लिहिणाऱ्यांनी जवळजवळ प्रत्येक जागी माणूस घुसवून पाहिला. ‘न्यू डॉट नेट’ने इंटरनेटच्या वाटेवर जागा धरली. ब्राउझरपासून बाहेर जाणारा प्रत्येक संदेश ज्या टप्प्यांतून जातो त्यांतला एक टप्पा तो बनला. त्याची फाइल पुसली की संगणक सुरू व्हायचा, पण इंटरनेट गायब. वायर बरोबर, मोडेमचे दिवे बरोबर, आणि एकही पान उघडत नाही. हा प्रकार इतका माजला की ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सगळी रांग नव्याने मांडणारी एक आज्ञाच दिली, ‘नेटएसएच विनसॉक रिसेट’. ती आजच्या विंडोजमध्येही चालते.

पुढच्या वर्षी तर एका मोठ्या संगीत कंपनीनेच हा खेळ केला. ३१ ऑक्टोबर २००५ ला मार्क रुसिनोविच या विंडोज-तज्ज्ञाने जाहीर केलं की सोनी बीएमजीची एक संगीताची सीडी लावल्यावर त्यांच्या संगणकात स्वतःला लपवणारा प्रोग्रॅम शिरला आहे. हेतू होता गाण्यांच्या प्रती काढण्यावर लगाम घालण्याचा. रुसिनोविच यांनी लपलेल्या फाइली हुडकून पुसल्या, संगणक पुन्हा सुरू केला, आणि सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला! त्या प्रोग्रॅमने स्वतःला सीडी ड्राइव्ह आणि विंडोज यांच्या मधला गाळणीचा टप्पा म्हणून नोंदवलं होतं. गाळणी गेली, नोंद राहिली, आणि विंडोजने अख्खा ड्राइव्हच नाकारला. रुसिनोविच यांना कुठली नोंद पाहायची हे ठाऊक होतं, त्यांनी ती काढली. घरी बसून गाणी ऐकणाऱ्या माणसाला ते कसं ठाऊक असणार? यावर एवढा गदारोळ झाला की नोव्हेंबरमध्येच कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातला सर्वांत संतापजनक प्रसंग हाच, कारण इथे घुसखोराला माणसाने दुकानात पैसे मोजून घरी आणलं होतं.

रांगेत जितकं मागे जाल, म्हणजे बटणाच्या जितकं जवळ, तितका धोका वाढत जातो.

९ फेब्रुवारी २०१० ला मायक्रोसॉफ्टने कर्नलची एक सुरक्षा दुरुस्ती पाठवली. दोष होता तब्बल १७ वर्षं जुना, १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ पासून चालत आलेला. टॅव्हिस ऑरमँडी या संशोधकाने तो शोधला होता. दुरुस्ती बसवली आणि अनेक एक्सपी संगणक निळ्या पडद्यावर अडकले. सेफ मोडही चालेना. लोकांनी अर्थातच मायक्रोसॉफ्टला दोष दिला आणि कंपनीनेही दोन दिवसांत ती दुरुस्ती आपोआप पाठवणं थांबवलं. तपासाअंती जे निघालं ते विलक्षण होतं. बंद पडलेल्या संगणकांत आधीपासून ‘अल्युरिऑन’ नावाचा छुपा घुसखोर होता. तो हार्ड डिस्क चालवणाऱ्या ‘एटीएपीआय.एसवायएस’ या ड्रायव्हरच्या पोटात बसायचा, आणि त्या ड्रायव्हरची फाइल कुणी तपासायला मागितली तर मूळची शुद्ध फाइल काढून दाखवायचा. तपासणाऱ्याला डिस्क दाखवणारा डोळाच त्याने ताब्यात घेतला होता!

मग तो फसला कुठे? कर्नलमधलं कुठलं काम कोणत्या पत्त्यावर आहे, हे त्याने पाठ करून ठेवलं होतं. दुरुस्तीने कर्नल बदलला, पत्ते थोडे सरकले, आणि अल्युरिऑनने जुन्या पत्त्यावर उडी मारली. तिथे भलतंच काही होतं. निळा पडदा. सीडीवरून शुद्ध एटीएपीआय.एसवायएस आणून त्या जागी ठेवला की संगणक पुन्हा उठत होता. आणि याहून मोठं नवल पुढे आहे: अल्युरिऑनच्या कर्त्यांनी अवघ्या काही दिवसांत आपल्या प्रोग्रॅमची सुधारित आवृत्ती काढली, म्हणजे लोकांचे संगणक नीट सुरू व्हावेत. बंद संगणक त्यांच्या काय कामाचा?

आणि रांगेच्या पार सुरुवातीला, त्या ४४६ बाइटांत, कुणी बसलं तर? १९९४ मध्ये ‘वन हाफ’ नावाचा एक व्हायरस आला. स्पायवेअरच्या कितीतरी आधीचा, पण ‘काढला आणि बुडालो’ याचं याहून भीषण उदाहरण मला माहीत नाही. तो डिस्कच्या पहिल्या कप्प्यात बसायचा, आणि संगणक सुरू होईल तेव्हा दर वेळी डिस्कच्या शेवटाकडून थोडा थोडा भाग कुलूपबंद करत पुढे यायचा. तुम्हाला काही जाणवायचं नाही, कारण तुम्ही कुठलीही फाइल मागितली की तो वाटेतच ती उलगडून द्यायचा. किल्ली कुणाकडे? त्याच्याकडेच. आता कुणी जाणत्याने झटकन पहिला कप्पा स्वच्छ केला, तर व्हायरससोबत किल्लीही गेली, आणि शेवटाकडच्या सगळ्या फाइली समोर असूनही वाचता येणार नाहीत. त्यामुळे त्याला काढणाऱ्या शहाण्या साधनांना आधी त्याच्याकडून किल्ली घेऊन डिस्क उलगडावी लागे आणि मगच त्याला हाकलता येई.

आता ही रांग तुमच्या डोक्यात बसली असेल, तर एक मजेदार शक्ती तुमच्या हाती आली आहे. संगणक कुठे थांबला यावरून रांगेतला कोण गायब आहे, हे तुम्ही ओळखू शकता. काळ्या पडद्यावर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ आलं, तर घमेलं अगदी खालच्या पायरीवरच पडलं. निळ्या पडद्यावर शेवटी ‘७बी’ असलेला आकडा आला, तर कर्नल उठला आहे पण त्याला स्वतःची डिस्क दिसत नाही. बहुधा डिस्कच्या ड्रायव्हरच्या आसपास कुणीतरी गाळणी लावली होती आणि कुणीतरी ती उचलली. ‘सी०००-०२१ए’ आलं, तर विनलॉगॉन किंवा त्याचा सोबतीच कोसळला. लॉगिन होऊन लगेच लॉगऑफ, तर युजरइनिट, हे आता तुम्हाला माहीतच आहे. आणि आत गेलात, मागचं चित्र दिसलं, पण एकही आयकॉन नाही? मग युजरइनिट येऊन गेला. त्याच पानावरच्या ‘शेल’ या शेजारच्या नोंदीत एक्सप्लोररऐवजी भलत्याचंच नाव आहे का, ते पाहायचं. अनुभवी दुरुस्तीवाला पडद्यावरची एक ओळ वाचून थेट जागेवर बोट ठेवतो, तो असा.

आज हे सगळं इतिहासजमा झालं, असं वाटतं का? बरंचसं बदललंय खरं. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘सिक्युअर बूट’ आलं. आता सुरुवातीच्या टप्प्यांत पुढच्याच्या हाती सूत्रं देण्यापूर्वी त्याची डिजिटल सही तपासली जाते. नुसतं नाव जुळून भागत नाही. संगणक लागोपाठ दोनदा अडखळला तर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा पुढे करतं. पण रांग ती रांगच. १९ जुलै २०२४ ला भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांना एक छोटी फाइल पाठवली. या कंपनीचा ड्रायव्हर रांगेत फार आधी उभा असतो, कारण चोराच्या आधी जागं व्हायचं तर पहारेकऱ्यालाही तिथेच उभं राहावं लागतं. त्या फाइलमध्ये २१ रकाने गृहीत धरले होते, ड्रायव्हरला मिळत होते २०. एकविसावा वाचायला तो मेमरीत भलतीकडे गेला आणि कोसळला. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर पोहोचले होते. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. दुरुस्ती? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. मात्र त्यासाठी बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका संगणकापुढे जाऊन बसावं लागलं, आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकडी किल्ली टंकावी लागली.

आणि युजरइनिटची ती नोंद? विंडोज ११ मध्येही ती जिवंत आहे, त्याच पानावर, साध्या अक्षरांत, शेवटच्या स्वल्पविरामासकट. पाहायची असेल तर रुसिनोविच यांनीच ब्राइस कॉग्सवेल यांच्यासोबत तयार केलेलं ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन उघडा. संगणक सुरू होताना कुठल्या नोंदीवरून कोण उठतं, याची अख्खी यादी ते समोर मांडतं, शेकडो ओळींची. काही ओळी पिवळ्या असतात आणि त्यांच्यासमोर ‘फाइल नॉट फाउंड’ लिहिलेलं असतं: नाव आहे, माणूस नाही. बहुतेक पिवळ्या ओळी निरुपद्रवी असतात, कधीकाळी काढलेल्या प्रोग्रॅमच्या. पण साफसफाईनंतर एखादा संगणक उठेनासा झाला, तर त्याची डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते, आणि ऑटोरन्सच्या फाइल मेनूत ‘अ‍ॅनलाइज ऑफलाइन सिस्टिम’ निवडून त्या बंद डिस्कवरचं विंडोज फोल्डर दाखवता येतं. ते त्या झोपलेल्या संगणकाची नोंदवही बाहेरून वाचतं. विनलॉगॉनच्या विभागात पिवळी ओळ आली, तर तिथेच थांबा. गेलेल्याचं नाव तिथे लिहिलेलं असतं आणि त्याच्या जागी कुणाला उभं करायचं, तेही आता तुम्हाला माहीत आहे.